पित्ताची गोळी आणि ब्लाउजवरचे दोन डाग

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३९. दोन मुली, धाकटी आठ वर्षांची, दुसरीत आहे. ती दीड वर्षाची असताना अंगावरचं सोडवलं. गेल्या अडीच महिन्यांपासून मला दोन्ही बाजूंनी दुधासारखं येतंय. पहिल्यांदा आंघोळीला साबण लावताना दिसलं. तेव्हापासून रोज दाबून बघते आणि रोज येतंच. आता कधी कधी न दाबताही ब्लाउजला ओल लागते. गाठ हाताला लागत नाही. पाळी पूर्वी तीस दिवसांनी यायची, ती पंचेचाळीसवर गेली आहे. मेडिकलमधून किट आणून बघितलं, दिवस गेलेले नाहीत. यजमान मोबाइलवर शोधत बसले आणि कॅन्सरचं काहीबाही वाचून आता त्यांनाच झोप नाही. सासूबाईंना सांगायची सोय नाही. औषध कुठलंच चालू नाही, पित्ताची एक गोळी सोडली तर. ती सहा महिन्यांपासून रोज सकाळी घेते.

ता. क. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या (५४) ब्लाउजवरही डाग पडतो, फक्त उजव्या बाजूला, तपकिरी, चार-पाच दिवसांतून एकदा. दुखत काही नाही. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, त्या म्हणतात वयाचं असेल. हे आमच्या घराण्यातच असेल का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घराण्याचं आधी मिटवते. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई एका घरात आलेल्या दोन घरच्या लेकी. आडनाव एक झालं म्हणून रक्त एक होत नाही. तुमच्या दोघींच्या डागांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. आणि खरं सांगू का, तुमचं सगळं पत्र तुमच्या काळजीचं आहे, जाऊबाई मात्र ता. क. मध्ये आल्या आहेत. मी तुमची डॉक्टर असते तर हा क्रम उलटा लावला असता. पण झोप तुमच्या घरातली उडाली आहे, म्हणून आधी तुमचं बघू.

‘औषध कुठलंच चालू नाही, पित्ताची गोळी सोडली तर.’ हे वाक्य ओपीडीत मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ‘औषधं काय चालू आहेत?’ असं विचारतच नाही. ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता?’ असं विचारते. आपल्याकडे पित्ताची गोळी औषधात धरत नाहीत. ती चहाच्या आधीची पायरी असते. एकदा कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते, आणि मग मेडिकलवाल्याला रिकामी स्ट्रिप दाखवली की वर्षभर मिळत राहते.

तर आता ती स्ट्रिप घ्या आणि उलटी करा. पुढचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव आपल्या उपयोगाचं नाही. मागे चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत आतल्या औषधांची नावं असतात. नेमकी तिथेच गोळ्या फोडून भोकं पडलेली असतात, म्हणून नवी कोरी स्ट्रिप घ्या, हवं तर मुलीला वाचायला लावा. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल असं एखादं नाव सापडेल. ते ॲसिड कमी करणारं औषध, त्याच्यावर माझा फारसा संशय नाही. त्याच्या जोडीला दुसरं नाव आहे का, ते शोधा : डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. ब्रँडच्या नावाला ‘डी’, ‘डीएसआर’ किंवा ‘एल’ असं शेपूट असेल तर बहुतेक सापडेलच.

ही दोन्ही औषधं जठर लवकर रिकामं व्हावं, मळमळ-गच्चपणा कमी व्हावा म्हणून घातलेली असतात. ते काम ती करतातही. पण त्यांचा एक हात दुसरीकडे पोचतो. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं. अंगावर दूध येतं ते त्याच्या सांगण्यावरून. एरवी हे प्रोलॅक्टिन फार वाढू नये म्हणून मेंदू डोपामिन या रसायनाचा ब्रेक लावून ठेवतो. डॉम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड हा ब्रेक सैल करतात. प्रोलॅक्टिन चढतं, आणि साडेसहा वर्षांपूर्वी बंद झालेला पान्हा पुन्हा फुटतो. तेच चढलेलं प्रोलॅक्टिन बीजकोशाला गप्प करतं, म्हणून पाळी लांबते. तुमची पाळी आणि दूध या दोन वेगळ्या तक्रारी नसाव्यात, एकाच दोरीची ही दोन टोकं असावीत.

गंमत अशी की दूध कमी येणाऱ्या बाळंतिणीला दूध वाढावं म्हणून काही डॉक्टर डॉम्पेरिडोनच देतात. म्हणजे काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त पित्तासाठी देताना कुणी सांगत नाही. अमेरिकेत या औषधाला मान्यता नाही, आणि दूध वाढवायला ते वापरू नका असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला, तो हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे. युरोपात २०१४ पासून ते मळमळ-उलटीपुरतं आणि साधारण आठवडाभरच द्यायचं असं ठरलं. तुम्ही घेताय सहा महिने. तुमचा दोष नाही, पण ही गोळी रोज महिनोन्‌महिने घ्यायची नव्हतीच.

स्ट्रिप बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही. त्यात ही दोन्ही नावं नसतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. त्यात पहिला नंबर थायरॉईडचा. थायरॉईड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध येऊ शकतं. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, केस गळणं, बद्धकोष्ठ असं काही सोबत असेल तर संशय पक्का धरा. मानसिक आजारांवरची काही औषधं, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, रक्तदाबावरची मिथिलडोपा किंवा व्हेरापामिल यांनीही हे होतं. (मानसिक आजाराचं औषध कुणी घेत असेल आणि हे वाचत असेल, तर दूध आलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.) मूत्रपिंडाचा जुना आजार हे एक कारण. छातीवर नागीण उठून गेलेल्या बाईलाही दूध आल्याची उदाहरणं आहेत, कारण छातीच्या त्या मज्जातंतूंचा निरोप थेट मेंदूत जातो.

आणि हो, पीयूषिकेवरची गाठ. मोबाइलवर तुमच्या यजमानांना तीही भेटली असणार. ती बहुतेक वेळा काही मिलिमीटरची असते, कॅन्सर नसतो, आणि मेंदूचं ऑपरेशन क्वचितच लागतं. आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या गोळीने ती आटोक्यात राहते. सतत डोकं दुखत असेल, किंवा चालताना बाजूच्या वस्तूला धक्का लागतोय, कडेचं दिसत नाहीये असं वाटत असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुमच्या रोजच्या दाबून बघण्याबद्दल. हे आजपासून बंद. तुम्हाला वाटतं तुम्ही तपासताय. शरीराला वाटतं, कुणीतरी बाळ ओढतंय. स्तनाग्र दाबलं, चोळलं की मेंदूला तोच निरोप जातो जो बाळ प्यायला लागल्यावर जातो, आणि प्रोलॅक्टिन आणखी सुटतं. अडीच महिने तुम्ही रोज सकाळी विचारताय, ‘आहे का अजून?’, आणि ते इमानदारीत ‘आहे’ म्हणतंय. शिवाय एक गोष्ट बायकांना कुणी सांगितलेलीच नसते : जोर लावून दाबलं तर कितीतरी निरोगी बायकांच्या स्तनातून थेंब-दोन थेंब येतो. पांढरट, पिवळसर, हिरवटसुद्धा. एकदा मूल पाजलेल्या बाईला तर सहज. त्या थेंबाला आम्ही फारशी किंमत देत नाही. आम्हाला जे हवं असतं ते दाबल्याशिवाय, आपोआप, कपड्याला लागलेलं. तुमच्याकडे आता तसं व्हायला लागलंय, म्हणून तपासणी करायची. पुढे काही आठवडे फक्त ब्लाउज आतून बघा, बाकी हात लावू नका.

पिळण्याची ही खोड आपल्याकडे जन्मापासूनच लागते म्हणा ना. तान्ह्या बाळाची छाती थोडी फुगलेली असते, आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो की मुलगी, दुधाचा थेंबही येतो. काही आठवड्यांत ते आपोआप बसतं. पण मालीशवाली बाई ‘घाण काढते’ म्हणत ते पिळते, आणि मग पू झालेलं बाळ आमच्याकडे येतं. घरात कुणाचं बाळंतपण असेल तर तिला एवढं सांगाच.

तुमच्या तपासण्या फार नाहीत. सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी रक्त द्या, कारण झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं. एसटीतून उतरून धावत लॅबमध्ये जाऊ नका, आधी वीस मिनिटं शांत बसा, आणि त्या दिवशी छातीला अजिबात हात लावू नका. ताण, व्यायाम, दाबणं, सगळ्यांनी हा आकडा फुगतो. प्रोलॅक्टिन आणि टीएसएच (थायरॉईडसाठीची) या दोन तपासण्या, आणि किटवर न राहता रक्तातून गरोदरपणाची खात्री. प्रोलॅक्टिन बायकांमध्ये साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक मानतात. औषधामुळे ते शंभरच्या आसपास, कधी त्याहूनही वर जातं. लॅबच्या कागदावर आकडा ठळक अक्षरात छापून आला म्हणून घाबरून एमआरआयला धावू नका. आधी डॉक्टरांना विचारून ती जोडगोळी बंद करा आणि साधी, एकाच औषधाची घ्या. मग तीन-चार दिवसांनी, किंवा निवांत आठवड्याने, रक्त पुन्हा तपासा. आकडा खाली आला तर चोर सापडला. दूध मात्र लगेच आटत नाही, त्याला काही आठवडे लागतात. आकडा खाली आला नाही, तर पुढच्या तपासण्या.

डॉक्टरांकडून स्तन हाताने नीट तपासून घ्या. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दुधासारखं येत असेल आणि गाठ नसेल तर तेवढ्यासाठी सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) लागतेच असं नाही. यजमानांना सांगा, दोन्हीकडून येणारं दूध ही सहसा कॅन्सरची तऱ्हा नाही.

आणि आता ता. क.

जाऊबाईंचं तुम्ही तीन-चार ओळींत लिहिलंत, पण त्यात नेमक्या त्याच गोष्टी आहेत ज्या ऐकल्या की आम्ही पेन खाली ठेवून मान वर करतो. एकाच बाजूला. न दाबता, आपोआप. तपकिरी. पाळी गेल्यानंतर. आणि ‘दुखत काही नाही’ म्हणून बिनधास्त. दुखत नाही हा दिलासा मानू नका. स्तनात जे दुखतं ते बहुधा साधं असतं, आणि जे नीट बघायला हवं ते बऱ्याचदा दुखत नाही.

एका स्तनाग्रावर पंधरा-वीस दूधनळ्यांची तोंडं असतात, सुईच्या टोकाएवढी. सगळ्या नळ्यांतून काही येत असेल तर कारण वरून, संप्रेरकांकडून आलेलं असतं. एकाच तोंडातून येत असेल तर कारण त्या नळीतच बसलेलं असतं. जाऊबाईंना आरशासमोर उजेडात बसून एवढंच बघायला सांगा : थेंब आलाच तर एकाच ठिकाणाहून येतो का? तो पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडावर टिपा. ब्लाउजच्या रंगीत अस्तरावर काही कळत नाही. पांढऱ्यावर काळपट-हिरवा आणि तांबूस-तपकिरी यांतला फरक स्पष्ट दिसतो. तांबूस म्हणजे बहुधा जुनं रक्त. मात्र कापड बघून घरी निकाल लावायचा नाही. रंग कुठलाही असला तरी या वयात, एका बाजूने, आपोआप येणाऱ्या स्रावाची तपासणी करायचीच.

सगळ्यात जास्त वेळा काय निघतं? नळीच्या आतल्या बाजूला उगवलेला एक छोटा मस, चामखिळीसारखा. त्याला पॅपिलोमा म्हणतात. तो नाजूक असतो, घासला की रक्ताळतो. साधा असतो, पण काढून तपासलेला बरा. दुसरं कारण, वयाने नळ्या सैल, रुंद होतात आणि आत साचलेलं घट्ट, चिकट, हिरवट-काळं बाहेर येतं. तंबाखू ओढणाऱ्यांना नळ्यांच्या सुजेचा त्रास जास्त. आणि काही जणींमध्ये कॅन्सर निघतो. अशा संशयास्पद स्रावाच्या बायकांत शंभरात साधारण पाच ते पंधरा जणींना, असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसतं. म्हणजे नसण्याची शक्यता बरीच जास्त आहे, आणि तरीही थांबायचं नाही, कारण असलाच तर तो बहुधा अजून नळीतच असतो, तेव्हा उपचार सोपे असतात.

आणखी एक बघायला सांगा : स्तनाग्राची कातडी. गजकर्णासारखी खपली, खाज, ओल, एकाच बाजूला, मलम लावून लावून महिनाभरात न बरी झालेली. पॅजेट नावाचा आजार अशा इसबाच्या वेषात येतो आणि बायका सहा-सहा महिने मलमं बदलत बसतात.

माझी एक चूक सांगते, म्हणजे जाऊबाईंच्या बाबतीत ती होणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका बाईंच्या स्रावाचा थेंब काचेवर घेऊन मी लॅबला पाठवला. रिपोर्ट आला, संशयास्पद पेशी नाहीत. मी खूश, बाई खूश, ‘काही नाही, जा घरी.’ आमच्या सर्जन सरांनी तो कागद बघितला आणि एवढंच विचारलं, ‘डाग थांबलाय का?’ थांबला नव्हता. बाईंना परत बोलावलं, तेव्हा नळीत मस निघाला. सुदैवाने साधा. तेव्हापासून काचेवरचा नॉर्मल रिपोर्ट हा माझ्यासाठी शेवट नाही. थेंबात वाईट पेशी सापडल्या तर उपयोग, नाही सापडल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून त्यांना सर्जनकडेच न्या. स्तनाचे वेगळे सर्जन मिळाले तर उत्तम, नाही तर जिल्हा रुग्णालयातली किंवा मेडिकल कॉलेजची सर्जरी ओपीडी चालेल. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही होतील. मॅमोग्राफीत स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. चिमटल्यासारखं होतं, पण तेवढंच. दोन्ही कोरे निघाले आणि डाग चालूच राहिला, तर एमआरआय करतात किंवा ती एक नळी छोट्या छेदातून काढून तपासायला पाठवतात. सगळा स्तन काढण्याची गोष्ट इथे कुणी करत नसतं, ही भीती त्यांच्या डोक्यात असणार, ती आधीच काढून टाका. पुरुष डॉक्टर असतील तर बाई अटेंडंट आत हवी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कुणी नाही म्हणत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. लाल, गरम, ठणका, ताप, पू असेल तर संसर्ग, दोन दिवस वाट बघत बसू नका. क्षयरोगही स्तनात होतो, बऱ्या न होणाऱ्या गळवामागे तो असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत दुधात रक्ताची छटा आली तर ती बहुधा आपोआप जाते, तरी एकदा दाखवावं. आणि यजमानांसाठी : पुरुषाच्या स्तनाग्रातून काही आलं तर ते कधीच ‘असेल काहीतरी’ नसतं, लगेच दाखवायचं.

जाऊबाई यायला तयार होणार नाहीत, हे मी इथे बसून सांगते. ‘तुझं बघ आधी, माझं काय,’ असं म्हणतील. मग त्यांनाच म्हणा, ‘माझ्या रक्ताच्या तपासणीला एकटीने जायला भीती वाटते, सोबत चला.’ खोटंही नाही ते. खिडकीवर नाव घालताना दोन केसपेपर काढा. आणि निघताना त्यांचा तो डागाचा ब्लाउज धुवायला टाकलेला नाही ना, ते बघा. कागदात गुंडाळून पिशवीत घाला. तुमची ती स्ट्रिपही.